कुंकू लावलेलं खोकं

नाही हो नामाभाऊ, आज रिकामी खोकी नाहीत — पोतं ठेवा खाली, आधी पाणी घ्या, शेलारहून उन्हाचे आलात. मी रागावलेय? छे! आज संकष्टी. चंद्र दिसेपर्यंत कुणाला वाकडं बोलायचं नाही असा माझा नेम — सकाळपासून कसा पाळतेय, माझं मला माहीत. क्षितिजा घरात नाही, निजामपुऱ्यात गेलीय, कुठं प्रिंटर मिळतो का बघायला. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आज द्यायचाय, कॉलेजचं ऑफिस बंद व्हायच्या आत — नाही दिला तर पोरीचं वर्ष गेलं. लाइट आली तशी छापायला बसली, तर नवंकोरं कार्ट्रिज — पहिल्या पानावर पट्टे, दुसऱ्यावर शाईचा ओघळ, मग प्रिंटरचं पोटच काळं! इंटरनेटवरच्या बाजारातनं मागवलेलं, सीलबंद, दुकानापेक्षा स्वस्त. मला वाटलं दिल्लीहून वगैरे येईल, तर पाकिटावर पत्ता आपल्या कशेळीच्या गोदामाचा. फोन केला, तर तिथला माणूस म्हणतो, सील तोड दिया, अब माल वापस नहीं होगा. अहो, नारळ फोडल्याशिवाय नासका कळतो का?

पण तुम्हाला का सांगतेय मी — तुम्ही आपले संपलेलं कार्ट्रिज नेता, वर खोकंही मागता, ताई, फाडू नका, पुठ्ठा नीट राहू दे. खेळण्यांच्या कारखान्यात लागतं म्हणालात ना? म्हणून तर मी सुरीच्या टोकानं हलकेच उघडते, नव्या साडीची घडी उलगडावी तशी. आणि माझी एक सवय — घरात नवी वस्तू आली, मिक्सर असो की कार्ट्रिज, खोक्याला कुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही. क्षितिजा हसते. म्हणते, आई, आता माउसलाही ओवाळ. ओवाळलाय मी, तिला माहीत नाही! आज मात्र तिनं घाईत मला हातच लावू दिला नाही. ती रडत गेली, मी खोकं आवरायला घेतलं, बघते तर — कुंकवाचं स्वस्तिक! एक हात आखूड, माझा नेहमी चुकतो तसाच. आधी तर मी हात जोडले — खरंच, वाटलं बाप्पानंच लावून पाठवलं. मग कळलं. हे खोकं मागं मीच तुमच्या पोत्यात टाकलेलं.

तुमचा दोष म्हणत नाही मी. तुमच्याकडनं कुणी नेत असेल, पुढं काय भरतात, कसं चिकटवतात, तुम्हाला कुठलं कळायला! म्हणून तर वाट बघत होते तुमची. नुसतं नाव सांगा त्या माणसाचं — मी जाईन कशेळीला, म्हणेन, बाबा, पोरांच्या अभ्यासावर तरी नको रे. ऐकेल तो. माणूस ऐकतो, नीट सांगितलं की. घ्या, तुम्हीच बघा हे खोकं —

अहो... वर नाही, खाली नाही, थेट झाकणाच्या आतल्या घडीत अंगठा? पुसताय? कुंकू आत आहे असं मी कुठं म्हटलं? बाहेर डाग दिसतो म्हणून क्षितिजा ओरडते, तेव्हापासून आत लावते मी — ते मला ठाऊक, आणि ज्यानं खोकं पुन्हा चिकटवलं त्याला.

ठेवा ते. इथंच ठेवा.

पाणी झालं ना पिऊन? मग उचला पोतं. आज संकष्टी आहे, नामाभाऊ — चंद्र उगवायच्या आत शेलार गाठा.