बळवंताच्या पिकअपचं डावं दार

बुधवारची रात्र. साडेनऊची वेळ. ठिकाण मुरमाळ खिंडीचा जुना रस्ता. गाडी जुनी पांढरी पिकअप, मागचा हौदा रिकामा, आत माणूस एकच: बळवंता डोईफोडे, राहणार खडकुंबे.

एवढं आधी नीट ऐकून घ्या. कारण गोष्ट संपली की कुणीतरी म्हणणारच, बळवंता प्यायला होता. नव्हता! दुसऱ्या दिवशी त्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. उपास होता त्याचा. पोटात साबुदाण्याची खिचडी आणि अर्धा कप चहा, बस. आता ऐका.

त्या पिकअपचं डावं दार सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. बिजागरीच्या पिना झिजून गेल्या होत्या, पिनांभोवतीचे नळीसारखे बुश तर कधीच भुगा होऊन पडले होते. दार दोन बोटं खाली लोंबायचं. लावायचं तर गुडघ्यानं वर उचला, खांद्यानं रेटा, वरून एक बुक्की हाणा. आतून उघडायची सोयच नव्हती, कडी नुसती गरागरा फिरायची. काच वर जाऊन बसली होती ती तिथंच. आणि बळवंतानं पिनांच्या जागी काय घातलं होतं? पत्रे ठोकायचे खिळे! वर्षभर! विचारलं की म्हणायचा, "चालतंय की!"

चालत होतं, महिन्यापूर्वीपर्यंत. मग एका वळणावर दार उघडलं आणि त्याची बायको कौसाबाई अर्धी बाहेर लोंबली. एक हात सीटला, एक हात नवऱ्याच्या सदऱ्याला. सदरा फाटला म्हणून गाडी थांबली. ती उतरली ती थेट माहेरच्या वाटेला लागली. जाताना म्हणाली, "नव्या घराला सागाचं दार लावताय, आन मी बसते त्या दाराला खिळा? बोटानं ढकलल्यावर दार लागलं, तरच ह्या गाडीत बसंन. तोवर तुमी आन तुमचं घर!"

आता वास्तुशांतीला जोडीनं बसावं लागतं. बळवंतानं गुरुजींना हळूच विचारलं, "बायकोच्या जागी सुपारी ठेवली तर?"

गुरुजी भडकले. "बायको जिवंत, चार कोसांवर बसलेली, आणि मी सुपारी मांडू? सकाळी अकराचा मुहूर्त आहे. बायको आण, नाहीतर दुसरा भटजी बघ!"

म्हणून गडी आदल्या संध्याकाळी तालुक्याला धावला. नव्या पिना, पितळी बुश खिशात घातले. इब्राहिम मिस्त्री म्हणाला, "सकाळी ये, बसवून देतो."

"सकाळी सासुरवाडी गाठायचीय, चाचा. घरीच ठोकतो."

"मग डांबरीनं जा. खिंडीतनं जाऊ नको. आणि गेलास तर बिडी टाक."

ही बिडीची रीत ठाऊक आहे ना? खिंडीत झोटिंग राहतो. प्रत्येक ड्रायव्हर तिथं गाडी हळू करतो आणि डाव्या खिडकीतून एक बिडी टाकतो. पण बळवंताची डावी काच खाली येतच नव्हती! वर्षभर याची एक बिडी गेलेली नाही. आणि हा शहाणा चौदा किलोमीटर वाचवायला त्याच खिंडीत शिरला.

पहिलं वळण आलं. धाडकन दार उघडलं!

वारा नाही, खड्डा नाही. दुसरा कुणी असता तर रामनाम घेतलं असतं. बळवंतानं घेतलं का? छे! खाली उतरला, गुडघा लावला, रेटलं, बुक्की हाणली. "एक रात कळ काढ की, रांडेच्या!" म्हणाला आणि निघाला.

दुसरं वळण. धाडकन! पुन्हा गुडघा, पुन्हा बुक्की.

तिसऱ्या वळणावर दार उघडलं, तेव्हा दारात म्हातारा उभा होता. डोक्याला मुंडासं, अंगावर घोंगडं.

"बिडी हाय का?"

"हाय, हाय, ही घ्या! बसा, आबा. देवासारखे भेटलात. तेवढं दार ओढून धरा."

ऐका, ऐका! भुताला म्हणतोय दार धर! म्हातारा चपापला, पण बसला. शेकडो माणसं भ्यायलेली पाहिली असतील त्यानं, कामाला लावणारा पहिलाच भेटला. बळवंतानं बाहेरून गुडघा दिला, बुक्की मारली, दार गच्च बसवलं.

म्हाताऱ्यानं पाय पुढं केले. टाचा पुढं, बोटं मागं!

"पाय आत घ्या, आबा. दाराला लागतील."

म्हाताऱ्यानं मान फिरवली. डाव्या खांद्यावरून पार मागं, मग उजव्या खांद्यावरून पुढं. पूर्ण चक्कर!

"मागं बघताच आहात तर गाडी येतीय का सांगा. आपल्याला आरसा नाही."

म्हातारा दात खाऊ लागला. त्यानं बिडी तोंडात धरली, डोळे वटारले आणि बुबुळातल्या विस्तवावर ती पेटवली.

"काडी वाचली," बळवंता म्हणाला. नजर समोर रस्त्यावर. डोक्यात एकच गोष्ट: अकराचा मुहूर्त, आणि त्याआधी कौसा.

मग म्हाताऱ्याचा हात लांबला. लांबला, लांबला, स्टिअरिंगवर आला आणि गाडी दरीकडे ओढायला लागला.

तेव्हा बळवंतानं पाहिलं. कोपरापासून मनगटापर्यंत तो हात चार फूट होता!

त्याच्या तोंडातून "कौसे!" एवढंच आलं. त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडं पिळलं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला तो थेट तळाला. तीन किलोमीटरचा उतार! गाडी सुटली. एकीकडून भूत ओढतंय, दुसरीकडून हा ओढतोय, आणि मधे ती गाडी नागमोडी खडखडत चाललीय. खालती खडकुंब्याची शीव दिसायला लागली. शेंदूर फासलेला शिवेचा धोंडा.

आणि झोटिंगाला शीव ओलांडता येत नाही.

म्हाताऱ्याचा हात आखडला. "थांब! मला उतरव!"

"थांबत नाही!"

म्हाताऱ्यानं कडी धरली. गर्र, गर्र, गर्र! दाराला धक्का दिला. ढिम्म! मघापासून वाऱ्याशिवाय उघडणारं दार, आता बसलं ते बसलं!

"अरं ह्ये उघडंना!"

"आतून उघडत नाही, आबा!"

"काच खाली घी!"

"काच येत नाही!"

"मग माणसं उतरत्यात कशी रं, मुडद्या?"

"मी बाहेरून उचलतो!"

"मग ये की भाईर!"

"तुम्ही असताना कसा येऊ?"

भूत रडकुंडीला आलं हो! शिवेचा धोंडा शंभर पावलांवर आला, पन्नासांवर आला. म्हाताऱ्यानं ते उलटे पाय उचलले आणि दोन्ही टाचांनी दारावर लाथ घातली. कडाड! वरचा खिळा तुटला, खालचा तुटला. दार आणि भूत दोन्ही बरोबरच बाहेर गेली आणि धोंड्याच्या अलीकडे दाणकन आदळली. बळवंता शीव ओलांडून थेट मारुतीच्या ओट्याला जाऊन धडकला. जीव वाचला. पण दार गेलं! पिना आहेत, बुश आहेत, बसवायचे कशाला?

पहाटे पाच माणसं घेऊन तो शिवेवर गेला. धोंड्याजवळ तुटलेले दोन खिळे, मातीत दार आदळल्याचा खळगा, काचेचा चुरा. दार नाही. शोधत शोधत सगळे खिंडीत चढले. तिथं, बिडी टाकायच्या जागेवर, दार बाभळीला टेकवून सरळ उभं होतं.

उरलेलं पटापट झालं. दार खाली गावात आणलं, जॅक लावून उचललं, बिजागरीची भोकं समोरासमोर आणली, पितळी बुश हातोडीनं हळू ठोकून बसवले, पिना सारल्या, ग्रीस भरलं. साडेनऊला गाडी सासुरवाडीच्या दारात. कौसाबाईनं एका बोटानं दार ढकललं. टक! पुन्हा उघडलं, पुन्हा ढकललं. टक!

"काच कुठं गेली?" तिनं विचारलं.

"बस आधी. सांगतो."

अकराच्या मुहूर्ताला जोडी पाटावर होती.

तर पोरांनो, बायांनो, चौदा किलोमीटर वाचवायला त्या खिंडीत कुणी शिरू नका. दाराला पिना असोत की खिळे.

आणि ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा, पण आधी एवढं सांगा. तलाठ्यानं लिहून दिलं, "दार वाऱ्याने उडाले." पोलीस पाटील म्हणाला, भंगारवाल्यानं नेलं असेल. ठीक. दार पडलं शिवेवर. सापडलं तीन किलोमीटर वर, उभ्या चढावर. पाच माणसांनी ती सगळी वाट निरखून तपासली: धुळीत बळवंताच्या गाडीचा उताराचा माग, आणि दुसरं चाक नाही. वर जाणारी पावलं मात्र होती. एकाच माणसाची, अनवाणी. आणि प्रत्येक पावलाची बोटं खडकुंब्याकडं वळलेली.