बिनआवाजाचा हब

सायकलले नवा हब टाकून राहिला ना तू? बिनआवाजाचा घेऊ नको, सांगून ठेवतो.

पायडल थांबवलं की मागचं चाक कटकट वाजते, त्याचा मले लय वैताग. म्हनून मी अमरावतीत चाकाच्या मधातला हबच बदलून बिनआवाजाचा टाकला. चिखलदऱ्याच्या उतारावर दोस्ताले, सुधाकरले, म्हनलं, “तुह्या खटाऱ्याची कटकट मले ऐकू येऊ नये, एवढा मागं राह्य.”

मी सुसाट निघालो. आवाज फक्त वाऱ्याचा. वळन घेतलं अन् समोर अस्वल! रस्त्याच्या कडेले वारूळ उकरून राहिलं होतं. कचकन ब्रेक दाबला. त्याच्यात अन् माह्यात एक बैलगाडी मावली असती, बस. ते दचकलं, वळलं, अन् मागच्या दोन पायांवर उभं राह्यलं. घंटीवरचं बोट हालेना.

तेवढ्यात वरून जोरात कटकटकटकट! अस्वलानं तिकडे पाह्यलं, फुसकारलं, अन् झाडीत घुसलं.

सुधाकर आला. “कावून थांबला बे? माही कटकट ऐकाची नोती ना तुले?”

माह्या तोंडून एवढंच निघालं, “तू पुढं हो. अन् खालपर्यंत पायडल मारू नको.”