यादीत ड्राईव्ह नाही

...नाही नाही, स्क्रू बरोबर बसला हाय, तुमच्या डोळ्यासमोरच तं बसवला मी — दुकानातला टेबल उचलून इथं खाटेजवळ आनला तो त्याच्यासाठीच ना, तुमाले सगळं दिसलं पाहिजे म्हनून. आता पाहा. पेन ड्राईव्ह लावला, मशीन चालू केली, भाषा निवडली, पुढं पुढं करत गेली, आन इथं आलं की हे म्हनते, विंडोज कुठं टाकायची ते सांगा — आन खाली यादी कोरी. दिसते ना? थांबा, जरा तिरपं करते. नवी एसएसडी बसवली आन हे म्हनते ड्राईव्हच नाही. ड्राईव्ह खराब निघाली का? पापनी एकदा मिटली म्हंजे हो, दोनदा म्हंजे नाही... दोनदा. बरं. मंग उलटी बसली? तेही नाही. मंग काय हो, मी आता काय करू?

पाचले समताताई येतील, दुसरबीडच्या. तीन महिने झाले लॅपटॉप घेऊन, आन आतली ड्राईव्ह गेली. कंपनीत पाठवला तं वीस दिवस म्हने, म्हनून नवी ड्राईव्ह विकत घेऊन इकडं आल्या. घरी बसून कोन्या दवाखान्याचे रिपोर्ट टाईप करतात त्या, पुण्याच्या — उद्या सकाळी नऊले कामावर दिसल्या नाहीत तं तिथं दुसरीले घेतील. मले म्हने, रुपालीवहिनी, अविनाशभाऊ खाटेवर हायेत हे माहीत हाय मले, पन आता तुम्ही करता ना, सगळे डोणगावचे सांगतात. मी काय बोलू त्यायले? करते म्हनलं. ठेवून जा म्हनलं.

काय? ड? — डबा पाहिजे का? पानी? नाही. मंग ड, ड काय... हळू, हळू, थांबा, ओठ पुसून देते. एवढा जोर नका लावू, डॉक्टरनं काय सांगतलं, शब्द आपोआप येतील — लकवा मारल्याले सात महिने झाले, एक नाही आला, पन म्हनून असा जीव काढायचा का? ड्रा... ड्रायव्हर? हाव? ड्रायव्हर टाकायचा? हो, बरोबर, बरोबर, यादीच्या खाली ते बारीक लिहिलेलं असते, लोड ड्रायव्हर, ते दाबायचं आन पेन ड्राईव्हमधलं फोल्डर दाखवायचं, की मंग ड्राईव्ह दिसते — गणेशभाऊनं भागवत मास्तरच्या लॅपटॉपले हेच केलतं...

काय झालं? असे काऊन पाहून राह्यले? नाही, गणेशभाऊनं म्हंजे — मी फोन केलता त्यायले, फोनवर इचारलं. फोनवरच... नाही. फोनवर नाही. नका ना असे पाहू, सांगते. भागवत मास्तरचा लॅपटॉप मी नाही केला. पिशवीत घालून एसटीनं मेहकरले नेला, गणेशभाऊच्या दुकानात, आन तुमाले सांगतलं की आशाबाईकडं जाऊन येते. त्याच्या आंधीचा तो सोसायटीतला कॉम्प्युटर, तोही. सगळेच. अकराच्या अकरा. तुमच्या हाताखाली शिकला आन तुमाले सोडून मेहकरले आपलं दुकान टाकलं त्यानं, तवापासून पाच वर्षं तुम्ही त्याचं नाव घेत नाही, मले माहीत हाय, मी काय विसरली का? पन दुसरं कोन होतं मले? आन त्यानं आजवर कोनाले सांगतलं नाही, हेही खरं हाय.

पहिल्या महिन्यात तुम्ही तोंड उघडत नव्हते. खिचडीचा चमचा ओठाशी नेला की दात घट्ट. रोज. एका दुपारी मी असंच म्हनलं — आज एक मशीन मी दुरुस्त केली, तुमचं पाहून पाहून जमलं मले. काही केलं नव्हतं मी, मशीन तशीच पडून होती. आन तुम्ही वाटीभर खिचडी खाल्ली. मंग दुसऱ्या दिवशी मी काय सांगू? तिसऱ्या दिवशी? मंग मी समोर धरलेल्या कॅलेंडरवर तुम्ही डाव्या हातानं रेघा ओढायले लागले, एका मशीनले एक रेघ, वाकडी — भाऊरावकाका भेटाले आले की बोटानं त्यायले रेघा दाखवायचे आन घशातून हसायचे. ते हसू पाहून मी सैपाकघरात जाऊन उभी राहायची. कोनत्या तोंडानं सांगू, तुमीच सांगा. हा समताताईचा लॅपटॉपही तिकडंच नेनार होती. गणेशभाऊ लग्नाले गेला जालन्याले, म्हनून घरी राह्यला हा.

बरं. आता इकडं पाहा. लोड ड्रायव्हर दाबलं. फोल्डर इचारते, तुमच्या पेन ड्राईव्हमध्ये चार हायेत. हे? का हे? पापनी तं मिटा ना हो. एकदा का दोनदा... बरं, मीच दाबते एक. नाही, हे नाही. हे... आलं. आलं पाहा, चारशे शहात्तर जीबी, पूर्न रिकामी. हिच्यावर टाकू ना? टाकते. दोन टक्के. पाच. हे मी केलं, तुमच्यासमोर, कोनाकडं नेलं नाही कुठं. सात झालं. पाहा तं एकदा...

तुमची मान वळली.

किती महिने दोन्ही हातानं धरून वळवून राह्यली मी ती, स्वतःहून एकदा वळली नाही, आन आज वळली ते भिंतीकडं. दुखते का? इकडं आना ना परत. जरा आना. अकरा टक्के झालं...

कोन हाय? समताताई का? नाही, आत नका येऊ, दुकानातच बसा. होऊन राह्यलं. हाव, मीच... नाही हो, ते नाही बोलत. झोपले ते. दार लोटून घ्या तेवढं.