नाव गुप्त राहील

राव, तुमी म्हणता पोलिसांना कळवा. मी कळवलं व्हतं. घोड नदीतनं वाळू उपसत्यात म्हणून चौकीला फोन केला. साहेब म्हणाले, "निर्धास्त राहा, तुमचं नाव गुप्त राहील."

संध्याकाळी मी म्हशीची धार काढत बसलो व्हतो, तर तो वाळूवालाच गोठ्यात आला. म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाला, "भाऊ, तुमची पोरगी मंचरच्या कॉलेजला येष्टीनं एकटीच जाती ना?"

माझे हात थांबले.

जाताना दारात वळला आन् म्हणाला, "फोनची काळजी करू नका. साहेबांनी मला बजावलंय, तुमचं नाव कुणाला कळता कामा न्हाई."