नाईलला नावं ठेवताना

—न्हाई मॅडम, ते चित्र फिरवू नका, तसंच धरा, बघू द्या की मला नीट—ही बोट म्हणायची व्हय? मला वाटलं मंगल कार्यालय हाय. चार मजले, वर पोहायचा हौद. म्हणजे बघा, खाली नदी, नदीवर बोट, बोटीवर हौद, हौदात माणूस. एवढ्या सगळ्या पाण्याचं करायचं काय हो? पाच रात्री आणि सहा देवळं. बरं, देवळांत देव हायत का? न्हाईत. पुजारी? न्हाई. प्रसाद? तो तर न्हाईच. तीन हजार वर्षांपूर्वी देव उठून गेला आणि त्याची मोकळी घरं बघायला आम्ही बेळगावातनं विमानात बसून जायचं. आमच्या निपाणीत वखारी किती मोकळ्या पडल्यात, त्या बघायला येतंय का कोण? आणि हे काय म्हणालात मघाशी, मगरीचं देऊळ? मगरीची पूजा करत होते? शहाणे म्हणायचे. पाण्यातल्या माणसानं मगरीशी गोडीतच राहावं. पण आता न्हाईत म्हणताय मगरी. सगळ्या धरणाच्या वरच्या अंगाला. आणि आपली बोट खालच्या अंगाला. बरं. तुम्ही स्वतः बघून आलाय का? न्हाई. बरं, बरं. सहज विचारलं. आणि खोल किती असंल ती नदी? म्हणजे अंदाजे? सहज हो. माहिती असलेली बरी.

रागावू नका. माझी बोलायची पद्धतच तशी हाय. आण्णाप्पा म्हणून विचारा निपाणीत कुणालाबी—पस्तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत माल पारखायला होतो. बी.ए. झालतो, पण त्याचा तिथं उपयोग न्हाई, तिथं नाक लागतंय. बोद, म्हणजे तंबाखूचा गठ्ठा, आला की मधनं पान ओढायचं, चुरायचं, वास घ्यायचा आणि पहिल्यांदा तोंड वाकडं करायचं. माल एक नंबर असला तर जास्तीच वाकडं. ‘काय पाटील, पानं वाळवलीसा का भाजलीसा?’ शेतकरी बिचारा खाली बघतोय, भाव आपोआप उतरतोय. जो माल पाहिजे त्याला आधी नावं ठेवायची—हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. न पाहिजे असलेल्या मालाबद्दल कोण बोलतंय? त्याला गप ‘राम राम’ करून लावून द्यायचं. तेव्हा मी तुमच्या बोटीला अर्धा तास नावं ठेवतोय म्हणजे तुम्ही खुश व्हायला पाहिजे. कन्नडमधनं बोलायचं असलं तर तसं बोला, मला दोन्हीत तोंड वाकडं करता येतंय.

तर दोघांचं करा. मी आणि मंडळी. अंजनी नाव. हा माझा पासपोर्ट, नवीन हाय—पोलीस चौकशीला आलता तो म्हणतोय, ‘मामा, या वयात देश सोडून कुठं पळताय?’ म्हणलं, तुमच्यासारखी माणसं बघून कंटाळा आला. आणि हा तिचा. सही? तिची सही कशाला? ती न्हाई येणार हपिसात. न्हाई, फोनवर बी न्हाई बोलणार. तुम्ही एक काम करा मॅडम, खोली दोघांची लिहा, दोन खाटा, जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर कोण बसलं, न्हाई बसलं, तुम्हाला काय करायचंय? आम्ही कोल्हापूरच्या गाडीत खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरतो. रुमालाला कंडक्टर विचारतोय का, तुझी सही कुठं हाय म्हणून? तसं समजा.

असं बघू नका. गेली ती. मार्गशीर्षात. आठ महिने होत आले. सकाळी चहा टाकला, साखर संपली म्हणून डबा खाली घ्यायला स्टुलावर चढली आणि तिथनंच—डॉक्टर म्हणाला, पडून न्हाई गेली, गेली म्हणून पडली. भारी वाटलं मला त्याचं वाक्य. फी वसूल.

आता तुम्ही म्हणणार, मग तिच्या नावाची खाट कशाला? सांगतो. तुमच्याकडं रक्षाविसर्जनाला कावळा शिवायला लागतोय का? आमच्याकडं लागतोय. तिसऱ्या दिवशी सगळे पाहुणे जमतात, गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं पानावर मांडायचं आणि लांब जाऊन उभं राहायचं. कावळा शिवला म्हणजे माणूस सुखानं गेलं. न्हाई शिवला तर त्याची काहीतरी इच्छा मागं राहिलीय. मग एकेकानं हात जोडून कबूल करायचं, तुझं हे करतो, ते करतो—जे बरोबर पडंल त्यावर कावळा उतरतोय. आता मी शिकलेला माणूस, माझा काय असल्या गोष्टींवर विश्वास न्हाई. पण उभं राहिलतो. भजी मांडलीती, चिवडा, कडक चहाचा कप. आणि कावळा पत्र्यावर बसून आमच्याकडं बघतोय. एकटाच. खाली यायचं नाव न्हाई.

माझा पोरगा, विक्रम, पुण्याला असतोय, तो पुढं झाला—‘आई, अप्पांना मी पुण्याला घेऊन जातो, सांभाळतो.’ ते ऐकून कावळा आणखी दोन पत्रे लांब जाऊन बसला. त्याला तिथला फ्लॅट माहिती असणार. मग तिचा भाऊ भरमू, सदलग्याचा—‘आक्का, शेतातला तुझा वाटा भाच्याच्या नावावर करून देतो.’ चार गावची माणसं ऐकत होती. कावळ्यानं मान बी वळवली न्हाई, इतका त्याचा भरमूवर विश्वास. आणि भरमूचा भरमूवर—आता त्याला त्यातलं एक अक्षर आठवत न्हाई. हसा, हसा. मीबी हसलोतो. ऊन चढलं. बायका म्हणायला लागल्या, मालकांनी बोलायला पाहिजे, मालकांचं ऐकंल ती.

आणि मला ठाऊक होतं की, मॅडम. त्या सगळ्या गर्दीत एकट्या मला ठाऊक होतं, काय राहिलंय ते. सहा वर्षं ऐकत होतो. एकोणीस सालच्या पुरापासनं. पंचमीला म्हणून माहेराला गेलती सदलग्याला आणि दूधगंगा घरात आली. हिला बोटीतनं बाहेर काढली—बोटीत ही, एक कोंबडी, भरमूचा टीव्ही आणि गॅसची टाकी. दुसरी एखादी रडत आली असती. ही उतरली ती म्हणते कशी, ‘अवो, देवळं पाण्यावरनं लई वेगळी दिसत्यात.’ देऊळ निम्मं पाण्यात, शिखर तेवढं वर, आणि ही त्याच्या शेजारनं गेली, हात लावला असता इतक्या जवळनं. तेवढं धरून बसली. मग टीव्हीवर ही तुमची नाईल दाखवली—हळू हळू बोट चाललीय आणि काठानं देवळं येतायत. झालं. तेव्हापासनं एकच. पाण्यावरनं देवळं बघायचीत. पेपरातली चित्रं कापून ठेवायची. लक्सर, आस्वान असली नावं ती चिकोडी-अंकली म्हणावं तशी म्हणायची.

आणि मी? मी माल पारखला. पाहुणे आले की, ‘आमच्या मंडळींना नाईल बघायचीय, फुकटात बघायची तर पंचमीला सदलग्याला पाठवा.’ लोक पोट धरून हसायचे. ‘राण्यांची मढी बघायला जाणार ही, जिवंत राणी तर मला रोज बघायला लागतीय.’ लग्नात, बारशाला, कुठंबी. तीबी हसायची. चहा द्यायची आणि हसायची. तिला धंद्याचा पहिला धडा माहिती असंल असं मी धरून चाललोतो. जो माल पाहिजे, त्यालाच नावं—पण तिला ते कधी सांगितलं न्हाई. सांगायचं असतंय का ते? वखारीत कोण सांगतंय?

तर तिथं मी पुढं झालो. हात जोडले. नुसतं म्हणायचं होतं, अंजने, तुला नाईल दाखवतो. तीन-चार शब्द. पण समोर सगळी तीच माणसं, सहा वर्षं माझ्या त्या विनोदाला हसलेली. म्हणलं, मी नाईल म्हणलो की ही सगळी हसणार. मसणात हसणार. तर मी म्हणलो—अंजने, लोकांना घरी जायचंय, ऊन झालंय, आटप आता.

हसलेच. भरमूपण हसला. डोळे पुसत पुसत हसला.

न्हाई शिवला. शेवटी गाईला घातलं पान. गाईला काय, चिवडा तर लई आवडला.

पाणी नको. मघाशी बी नको म्हणलो. तर असं हाय बघा, तिथं बोललो न्हाई, म्हणून इथं येऊन करतोय. कपाट आवरताना हा पासपोर्ट सापडला, साडीच्या घडीत. मला न सांगता काढलाता, पोलीस चौकशीला कधी येऊन गेला देव जाणे. त्यात तुमच्या हपिसाचा कागद, बोटीचं चित्र, खाली शिक्का. माझा नंतर काढायचं ठरवलं असंल तिनं. मला एकदम कागद पुढं ठेवून सांगणार असंल—चला. म्हणजे मी काय म्हणणार, ‘चल’ म्हणणार? तोंड वाकडं करणार. आणि मग जाणार. गेलो असतो की. लई तर काय, खोलीत बसून राहिलो असतो.

काय? न्हाई हो, भीती कसली? तुम्हाला कुणी सांगितलं? नदी किती खोल हाय ते विचारलं म्हणून काय भीती असती व्हय? बरं, हाय म्हणा. घोट्याच्या वर पाणी आलं की माझे हातपाय माझे राहत न्हाईत. लहानपणापासनं. कुणाला ठाऊक न्हाई, निपाणीत नदी कुठं हाय? वेदगंगा चार किलोमीटर लांब. पुरात मी गेलतो सदलग्याला. रस्ता जिथं पाण्यात शिरत होता तिथपर्यंत गेलतो. बोट निघाली, बोटीवरची पोरं म्हणाली, ‘चला मामा, मामी माडीवर हायत, मालक आल्याशिवाय उतरत न्हाई म्हणतायत.’ मी काय म्हणलो? ‘मी कशाला, मामीचंच वजन पेलतंय का बघा आधी.’ पोरं हसत गेली. दीड तास मी काठावर उभा. ती आली, उतरली, माझ्याकडं बघितलं आणि देवळाचं बोलली. तुम्ही का आला न्हाईसा असं एकदा बी विचारलं न्हाई. त्या दिवशी न्हाई, नंतर न्हाई. मला वाटलं, विसरली. त्या देवळाच्या नादात विसरली.

असो. लिहा, दोन खाटा. काय बघताय कॉम्प्युटरमध्ये? तिचं नाव? तिचं नाव तुमच्यात आधीपासनंच हाय? दाखवा बघू. अंजनी—व्हय, तीच, जन्मतारीख बरोबर हाय. कधी आलती? गेल्या श्रावणात. डोळे तपासायला येते म्हणून आलती ती बेळगावला, एकटी, निपाणीच्या गाडीनं. मी स्टँडवर सोडलं तिला. इथंच बसलीती? या खुर्चीत? तुमच्याशीच बोलली? मघापासनं सांगितलं न्हाई मग? आता आठवली म्हणताय. बरं.

दोघांचं विचारलं असंल तिनं.

नीट बघा. एक कसं? तुमची चूक असंल, दोनाचं एक पडलं असंल. एकच म्हणाली? तुम्ही विचारलं की न्हाई, मालक येणार न्हाईत का म्हणून? मग? काय म्हणाली? शब्द सांगा तिचे.

‘त्यांचा तंबाखूचा हंगाम असतो, सवड न्हाई.’

हंगाम. मी वखार सोडून चार वर्षं झाली, मॅडम. चार वर्षं घरात पेपर वाचत बसलोय. सवडच सवड. तिला ठाऊक न्हाई व्हय ते? रोज दोन वेळा चहा देत होती.

एवढं लांब येऊन, परक्या माणसापुढं बी मला झाकून—

न्हाई, काही न्हाई. ते दोन काढा. एक करा. एक खाट, एक खुर्ची. तिचा पासपोर्ट द्या इकडं. रुमाल बिमाल काय टाकत बसू नका, तिनं तिचं बघितलंतं. एकट्याचं करा, आण्णाप्पाचं. आणि तिनं खोली कुठली विचारलीती ते हाय का त्यात? बघा. खालची? एकदम खालची, पाण्याला लागून? खिडकीपासनं पाणी हातभर—तिनं विचारून घेतलं? बरोबर हाय. तिथनं देवळं उंच दिसत असणार.

तीच लिहा. वरची मोकळी असू दे. वरून उजेड चांगला येत असू दे. मला समजावू नका मॅडम, लई समजावलं तुम्ही. बोलू नका जरा. लिहा.