मध्ये मी थांबलो होतो

बाबा: संपली?

मुलगी: संपली. कशी वाटली?

बाबा: मागे कुत्रं लागलं होतं का गं? 'दारावर थाप पडली' म्हणेपर्यंत भूत आत येऊन चहा पिऊन गेलंसुद्धा.

मुलगी: गोष्टी ऐकायच्या ॲपवर वेग लागतो, बाबा.

बाबा: स्टेजवर ही गोष्ट पाऊण तास चालायची. तू अर्ध्यात उरकलीस. बाकीची कुठे सांडली?

मुलगी: तुमच्या रेकॉर्डिंगमधला शब्द एकही कापलेला नाही. फक्त मधल्या मोकळ्या जागा काढल्या. सॉफ्टवेअर आपोआप काढतं.

बाबा: मोकळ्या जागा! थापेनंतर मी थांबलो की मागच्या रांगेतली माणसं वळून दाराकडे बघायची. जन्मभरात मी तेवढंच शिकलो. शब्द काय, पोपटालाही येतात.

मुलगी: तिथे तुमचा चेहरा दिसायचा. इथे माणूस भांडी घासताना ऐकतोय. जरा आवाज थांबला की त्याला वाटतं नेट गेलं.

बाबा: वाटू दे. घाबरायलाच ऐकतोय ना तो?

मुलगी: आणि शेवटची किंकाळी सुरुवातीला घेतलीय. लोक खिळून राहतात.

बाबा: म्हणजे वरात घरी पोचली, आता मुलगी बघायला निघायचं. शाब्बास.

मुलगी: टोमणे पुरे. सोमवारी तुमच्या घशाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर स्पष्ट म्हणालेत, आवाज राहणार नाही. निदान तो कुठेतरी राहावा म्हणून मरमर करतेय मी.

बाबा: कर की. ही कापलेली गोष्ट लोकांना दे. माझ्यासाठी मूळ रेकॉर्डिंग ठेव, म्हणजे झालं.

मुलगी: ...

बाबा: बोल. बघ, तू नुसती थांबलीस तर मीच दाराकडे बघायला लागलो.

मुलगी: मूळ फाइलवरच सेव्ह केलं, बाबा. ते नाही राहिलं. मला वाटलं, मधलं सगळं रिकामं तर आहे, कशाला ठेवायचं.

बाबा: सोमवारनंतर माझ्याकडे तेवढंच उरणार आहे, पोरी.

मुलगी: पुन्हा करूया. आत्ताच. घसा फार दुखतोय का?

बाबा: दुखतोय. माइक लाव. आणि त्या सॉफ्टवेअरला बाहेर बसव.

मुलगी: लावला. रेकॉर्डिंग चालू आहे. बोला.

(बराच वेळ कोणीच बोलत नाही.)

मुलगी: बाबा, गोष्ट सुरू करा ना.

बाबा: केव्हाच केलीय.