उभं राहायचं नाही

नाही नाही, पलंगावर नको काका, सोफ्यावर बसा — चादर आईनं आत्ताच ताणून घातलीय, एक सुरकुती पडली की माझा कान गेला. सोफ्यावरही जरा पुढंच बसा. हां, असं. गुडघे वर येतात? सगळ्यांचेच येतात, नवीन डिझाइन आहे. आई खाली ऑफिसात गेलीय, शेठना सांगायला की गिऱ्हाईक आलंय, येताना चहा घेऊनच येईल. तोवर मी आहे की. मी या घरातला मुलगा. पाचवीत आहे. — हसलात का? पाचवीतच आहे. आवाज सर्दीनं असा झालाय.

पण तुम्ही एकटेच कसे आलात? नाही, विचारतोय आपलं. सॅम्पल फ्लॅट बघायला एकटा माणूस कधी येत नाही. बायको येते, बायकोची आई येते, एक मेहुणा येतो ज्याला सिमेंटपासून लोनपर्यंत सगळं कळतं, आणि पोरं येतात, ती माझ्याकडं टकामका बघत बसतात, कारण पाचवीतल्या मुलाला मिशी कशी. आणि आल्या आल्या सगळे भाव विचारतात. तुम्ही विचारला? नाही विचारला. तुम्ही दाराशी चपला काढल्यात, गुपचूप आत आलात आणि भिंत वाजवलीत. मी बघत होतो इथूनच. आधी ती भिंत टकटक, मग बाथरूमचा नळ सोडून बघितलात, मग मोबाईल असा डोक्यावर धरून या खोलीतून त्या खोलीत — आणि मग पलंगापाशी थांबून वीत लावलीत. पलंगाला वीत कोण लावतं हो? गिऱ्हाईक गादी दाबून बघतं. वीत लावणारा म्हणजे एकतर सुतार, नाहीतर सरकार.

सुतार तुम्ही नाही, नखं स्वच्छ आहेत. मग सरकार? आणि तेही बरोबर आजच? खाली टीव्हीवर बजेट चाललंय, ऐकू येतंय ना — शेठ सकाळपासून पुढ्यात बसलेत, डॉक्टरनं रिपोर्ट वाचायला घेतल्यासारखे. मला त्यातलं काही कळत नाही, मी शाळा सोडली तेव्हा आमचं व्याजच चाललं होतं, सरळ की चक्रवाढ ते अजून— म्हणजे पाचवीतली नाही, वरच्या वर्गाची शाळा, दादाची. जाऊ दे. पण शेठ कधी ओरडतात त्यावरून मला बजेट समजतं. घरांचं काही निघालं की टेबलावर थाप. आज तर टॉवरचं निघालं, मोबाईलच्या टॉवरचं — या वर्षात जो टॉवर उभारेल त्या कंपनीला करात सूट, असं काहीतरी — तर शेठनी टाळ्याच वाजवल्या, सगळ्या ऑफिसला चहा सांगितला. आता मला सांगा, घरं बांधणारा माणूस टॉवरला टाळ्या कशाला वाजवेल? मी आईला विचारलं. ती म्हणाली, तू तुझं बस. ती नेहमी तेच म्हणते.

तर विषय काय, भिंत. तुम्ही मुद्दाम तीच वाजवलीत, दुसरी नाही, म्हणजे तुम्हाला आधीच कोणीतरी सांगितलंय. मागच्या बजेटात सरकारनं काढलं होतं की अमुक मापाच्या आतलं घर असेल तर कर माफ, कर्जही स्वस्त. आणि शेठचं घर त्या मापाच्या हातभर पुढं. मग काय, दुसऱ्याच दिवशी मिस्त्री हजर. मंत्री तिकडं बोलले, भिंत इकडं सरकली. इथली सरकली, समोर इमारत उभी आहे ना, तेव्हा तिचं बांधकाम चालू होतं, तिच्यातलीही सरकली, सगळ्या मजल्यांवर. आता भिंत आत आली म्हटल्यावर पलंग मावेना. मग सुतार आला आणि त्यानं पलंगाचे पाय — नाही, लाकडाचे नाही, माणसाचे पाय येतात ना ज्या बाजूला, तिकडून कापला. सोफा आधीच कापलेला होता. डायनिंग टेबल तर — काका, मी हे तुम्हाला का सांगतोय? तुम्ही काही बोलतच नाही, म्हणून मला बोलावं लागतं. तुम्ही पोलिसात आहात का? पोलीस असेच गप्प बसतात म्हणे.

सरकार नाही? मान हलवलीत. बरं. पण टॅक्सवालाही अशीच मान हलवणार.

मग पलीकडच्या बिल्डरचा माणूस असाल. त्यानं मागं एक पाठवला होता, तो कुंडीत तोंड घालून बघत होता झाड खरं आहे का. खोटंच आहे. तुमच्या शेठला सांगा, तुम्हीही फर्निचर कापा, पण तेवढ्यानं भागत नाही, माणसंही कापावी लागतात. आई बघितलीत ना, केवढीशी आहे? म्हणूनच घेतलं तिला. आधी एक उंच बाई ठेवली होती, ती स्वयंपाकघरात उभी राहिली की स्वयंपाकघर कपाटासारखं दिसायचं. आई ओट्याशी उभी राहिली आणि ओटा लांबलचक झाला. मग शेठ म्हणाले, पोरगा आहे का? पोरगा पण तसलाच होता, वर्गात पहिल्या बाकावर, खाली पाय न टेकणारा. झालं. आई गृहिणी, मी पाचवी. वडील ऑफिसला गेलेत असं सांगायचं. ते कुठं गेलेत ते आम्हालाही माहीत नाही, तेव्हा तेवढं एक खोटं बोलताना बरं वाटतं.

फक्त आता माझी पंचाईत झालीय. या वर्षी मी वाढलो. माझी काय चूक, वाढलो. शेठनी दाराच्या चौकटीशी उभं करून बघितलं आणि त्यांचं तोंडच उतरलं. म्हणाले, तू आता बसूनच राहायचं. गिऱ्हाईक असेपर्यंत उभं राहायचं नाही. मी उभा राहिलो की घर लहान होतं. म्हणून मी बसलोय, उगाच उद्धट समजू नका. मोठी माणसं आली की उठावं, मला कळतं.

आणि मोबाईल ठेवा तो खिशात, चालणार नाही. रेकॉर्डिंग-बिकॉर्डिंग, कोणाला फोन, काही नाही. बघा, रेंज गेली ना? मीच घालवली. आल्यापासून पुऱ्या काड्या होत्या, बरोबर? इथं सगळ्यांना पुऱ्या काड्या. बाथरूमच्या माळ्यावर रेंज वाढवायचं खोकं आहे, आणि त्याचं बटण इथं माझ्या पाठीमागं, सोफ्याच्या फटीत. शेठ म्हणतात खेळायचं नाही. मी खेळतो. परवा तो मेहुणा आला होता, तो फोनवर बहिणीला, ताई घर एक नंबर आहे, तू डोळे झाकून — की मी बंद. तो गॅलरीत पळाला. मी चालू. परत आत आला, ताई ऐक — बंद. सहा वेळा पळवला. शेवटी घाम पुसत म्हणाला, इथं फक्त हिंडताना रेंज येते वाटतं. आई आत ओट्याशी तोंडात पदर धरून— तीही हसते हां कधीकधी. तिला वाटतं मला दिसत नाही.

काका, तुम्ही हसला नाहीत. सगळे हसतात याच्यावर.

बरं ऐका, आता खरंच सांगतो. तुम्ही जे कोण असाल ते असा, पण आज काही करू नका. उद्या करा. आज आईला किल्ली मिळणार आहे. समोरच्याच इमारतीत, वर गच्चीवर एक खोली आहे, जिना संपला की डाव्या हाताला, ती आमची. दोन वर्षं आई अर्ध्या पगारावर इथं उभी आहे, उरलेला अर्धा त्या खोलीत जातोय. कागद नाही, शेठचा शब्द आहे. शेठ म्हणाले, बजेट एकदा नीट पार पडू दे, त्याच दिवशी किल्ली हातात ठेवतो. म्हणून ती आज नवी साडी नेसलीय, आणि घाबरलीय, आणि मला म्हणाली, आजच्या दिवस तोंड बंद ठेव. बघा, किती ठेवलं. दार तिनं स्वतः रंगवलं, निळं, शेठना न विचारता. मी तेव्हा डबा धरून उभा होतो. उभा, हां. तिथं मी कितीही उभा राहू शकतो, वरती नुसतं आकाश. त्यानंतर शेठनी वर जाऊ दिलेलं नाही, लिफ्टचं काम निघालंय म्हणतात.

हे काय काढलंत? — किल्ली. लाल बिल्ल्याची. हा बिल्ला तर ताबा दिल्यावर शेठ देतात, फोटो काढून. म्हणजे तुम्ही... समोर राहता? गिऱ्हाईक होतात, आणि आता— आधी सांगायचं ना काका. मी कुठल्या कुठं पोचलो. घरचा पलंग आणलात? आणि मावत नाही. दार लागत नाही. तरीच वीत. घेताना इथंच बसला असाल तुम्ही, इथंच, आणि मी तुम्हाला पाचवी म्हटलं असेल. — म्हटलं होतं? आठवत नाही हो मला. रोज इतके येतात.

आणि रेंज? घरात अजिबात नाही? मग फोन कुठून करता?

गच्चीवरून.

म्हणजे तुम्ही वर जाता. रोज? मग बघितली असेल तुम्ही आमची खोली, निळं दार, हँडलपाशी जरा ओघळ आलाय बघा रंगाचा, तो माझा. बघितलीत? कशी आहे आता? — एसी? काय सांगता. आमच्या खोलीला एसी? शेठनी बसवला? बघा, आईला उगाच शंका येत होती, मी तिला म्हणत होतो की माणूस तोंडाचा फटकळ आहे पण— बाहेर दोन आणि आत दोन? एवढ्याशा खोलीला चार कशाला, आम्ही दोघं तर आहोत.

मशिनांना.

मशिनं गरम होतात. बॅटऱ्यांची कपाटं. आणि दाराला मोबाईल कंपनीचं कुलूप. आणि वर, खोलीच्या डोक्यावर, लोखंड उभं करतायत. अजून चालू नाही झाला, पण उभा होतोय.

टॉवर.

म्हणून टाळ्या.

थांबा, चालू करतो तुमची रेंज. घ्या. आली? मग लावा कोणाला लावायचाय तो फोन, आणि सांगा सगळं. भिंत सांगा, पलंग सांगा, माळ्यावरचं खोकं सांगा. नाहीतर असं करा, पलंगावर झोपा. सरळ झोपा, चादर चुरगळू दे. पाय बाहेर येतील, येऊ देत. शेठ येतायत वर, त्यांच्यामागं अजून एक कुटुंब आहे, पोरंबाळं, आवाज येतोय ना जिन्यात? त्यांना तुमचे पाय दिसू देत.

आणि मी उठतो. — नाही, राहू द्या, काही लागलं नाही. वरचा दिवाच आहे, डोक्याला लागतोच.

आई, दारातच थांब. चपला काढू नकोस.